न्यूट्रल

इचलकरंजीत बँडचं नाव थ्री फेज ठेवलं
तेव्हा आम्ही चौघे होतो.
लोक विचारायचे, चौथा कोण?
अभिनंदन माईकवरून सांगायचा,
मागं बसलाय ना, न्यूट्रल.
मी एक क्रॅश मारून द्यायचो,
विनोदाला लागतो तसा.

मस्कत, सोहार, रास अल खैमा, शारजा.
पोस्टरवर चार गावं
आणि तळाशी रेजी नावाच्या इसमाचा नंबर.
मस्कतला तो लागत होता.

ड्रमरच्या वाट्याला पाठी येतात.
चेहरे प्रेक्षकांचे.
अभिनंदनच्या शर्टावर घाम कुठून उतरतो,
मोहसीनचा डावा खांदा उचलला की सोलो किती लांबणार,
सुयोग पायावरचा भार बदलतो
म्हणजे सूर चुकलाय, नाहीतर भूक लागलीय,
हे मला अंधारातही कळायचं.
रूवीच्या शाळेतल्या हॉलमध्ये
पहिल्यांदा या पाठी अनोळखी वाटल्या.
मोहसीननं अँप वाढवला,
अभिनंदननं मॉनिटर,
मोहसीननं परत अँप.
पुढच्या रांगेतल्या बाईंनी कानात कापूस घातला,
कापूस त्यांनी घरूनच आणला होता.

लॉजच्या काउंटरवर पासपोर्टांच्या थप्पीत
पुण्याच्या कंपनीचा करार सापडला.
एकट्या अभिनंदनचं नाव, सही वाळलेली,
तारीख आम्ही निघालो त्याच्या आदल्या दिवसाची.
मोहसीन म्हणाला, विमानात माझ्या खांद्यावर झोपला होतास.
बाकी जे बोलले ते लिहीत नाही.

सोहारपर्यंत दूर मोहम्मदची हायेस,
एसी फक्त पुढच्या सीटला.
पुढं कुणी बसायचं यावर कुणी भांडलं नाही,
सीट मोकळीच गेली.
उजवीकडे समुद्र होता म्हणे.

कारखान्याच्या कॉलनीतलं क्लबचं लॉन.
खुर्च्या दोनशे, माणसं एकतीस,
त्यात सहा पोरं, आइस्क्रीमसाठी आलेली.
साउंडचेकला अभिनंदन आणि मोहसीन
एकमेकांच्या आईपर्यंत पोचले
तेवढ्यात अजान झाली.
संयोजकानं हात वर केला.
आम्ही होतो तिथं थांबलो,
मोहसीन डोक्यावर रुमाल टाकून, अभिनंदन तारांकडे बघत.
आठवड्यात पहिल्यांदा
चौघे एकत्र गप्प होतो, आणि बरोबर तालात.

मग वाजवलं.
मध्येच लाइट गेले, मी पॅनेल उघडून
ट्रिप झालेला ब्रेकर उचलला, परत बसलो.
शेवटचं गाणं 'धोटा'.
त्याचा शेवट कधीच मोजलेला नव्हता.
अभिनंदन मागं वळायचा, मी मान हलवायचो,
आणि चौघे एकदम खाली.
नऊ वर्षं हे असंच.
त्या रात्री मी उजवा हात वर नेला
आणि तो वळला नाही.
मोहसीन आधी थांबला,
सुयोग जरा नंतर,
अभिनंदन 'धन्यवाद सोहार' म्हणून गेला,
माझी काठी वरच.

माझे वडील मागांच्या शेडमध्ये वायरमन.
सांगायचे, न्यूट्रल तुटली
की ज्या फेजवर भार कमी, तिथला बल्ब आधी फुटतो.
सुयोग एका शब्दानं भांडला नव्हता.
पहाटे बेस तिथंच ठेवून
पहिला तोच गेला, मस्कतच्या बसनं.
रास अल खैमा आणि शारजा
पोस्टरवर राहिले.

कॉलनीचा सुपरवायझर, कुट्टप्पन,
माझी खोकी हायेसमध्ये चढवू लागला.
म्हणाला, पॅनेलला बरा हात आहे तुझा. लायसन आहे?
होतं. वडिलांनी हट्टानं काढायला लावलेलं.

अकरा वर्षं झाली.
सिंबल जास्त वजनात जाणार म्हणून दूर मोहम्मदला दिले,
त्यातल्या मोठ्यावर त्याची बायको मासे वाळवते.
संध्याकाळी क्लबमागं चहा पितो.
अजानीआधी भोंग्यात खर्र होतं,
क्षणभर काहीच नसतं,
तेव्हा उजवा हात आपोआप वर जातो.
उतरतो तो कपाच्या कानावर.