फॅट, एसएनएफ आणि मी

रहिमतपूरच्या अलीकडं, ओढ्याच्या पुलाला लागून
आमचं संकलन केंद्र.
पहाटे साडेपाचला शटर वर जातं
आणि किटल्यांची रांग लागते.
बावीस वर्षं मी दुसऱ्यांचं दूध मोजतोय.
कुणी पाणी घातलं, कुणी काल रात्रीचं मिसळलं,
नळी आत सोडली की यंत्र खरं सांगतं,
मी फक्त पावती फाडतो.

आणि मला दूध पचत नाही.

हे कुणाला सांगणार?
पोट गुडगुडायचं, मी म्हणायचो वडा बाधला.
लग्नात बासुंदीची वाटी
शेजारच्याच्या ताटाकडं सरकवायचो.
शेवटी पोवई नाक्याजवळच्या डॉक्टरीणबाईंनी
तपासण्या बघून सरळ सांगितलं,
दूध बंद. चहातलंसुद्धा.
म्हणाल्या, लहानपणी पचवायची ताकद असते,
पुढं काहींची शरीरं ते दार लावून घेतात.

केंद्रावर बातमी माझ्याआधी पोचली.
हिंदुराव किटली ठेवत म्हणाला,
"मर्दा, आईचं तरी पचलं होतं का?"
रांग हसली. मीही हसलो,
आणि त्याची फॅट पाच पॉइंट आठ लागली
ती तेवढीच लिहिली. एक पॉइंटही कमी नाही.

शालन घरी एवढंच बोलली,
"पोरांचं अंगावरचं दीड वर्षात तोडलं मी.
तुमचं बावन्नाव्या वर्षी तुटलं."
आणि शेतातल्या सोयाबीनच्या पोत्यातून
दोन मुठी काढून भिजत टाकल्या.

सकाळी टरफलं चोळून काढली,
मिक्सरात फिरवली,
माझ्या जुन्या पंच्याच्या फडक्यातून पिळली.
पातेल्यात पांढरं काही पडलं.
वास कच्च्या शेंगेचा, ओल्या रानाचा.
गॅसवर ठेवलं, ती वेलदोडा शोधायला वळली
आणि ते भसकन उतू गेलं.
शेगडी पुसत म्हणाली,
"उतू जातंय म्हणजे दूधच की हे."

चहात मात्र फाटलं.
गुळाला दोष दिला, मग आल्याला.
मग शेंगदाणे भिजवले.
चहा खाली उतरवून, जरा निववून
वरून बारीक धार धरली.
हे टिकलं.
रंग थोडा मातकट, चव
भाजायच्या आधीच्या दाण्याची.
पहिल्या दिवशी मी कप ठेवून दिला.
चौथ्या दिवशी घोट घेतला आणि दुपारपर्यंत
पोट गप्प होतं.
एवढं गप्प की मलाच ऐकू येईना.

मग एका सकाळी, गिऱ्हाईक ओसरल्यावर,
शटर अर्धं ओढून
मी बाटलीतलं सोयाचं दूध नमुन्याच्या भांड्यात ओतलं.
नळी आत सोडली.
यंत्र घुमलं, जरा जास्तच घुमलं,
कागद बाहेर आला.
फॅट एक पॉइंट नऊ.
एसएनएफ वाचण्यासारखं नव्हतं.
पाणी: एक्केचाळीस टक्के.

असल्या पावतीवर मी माणसं परत पाठवलीत.
विठ्ठल जाधवाला सगळ्यांसमोर बोललोय,
ज्याची म्हैस नुकतीच व्याली होती
आणि दोष पाण्याचा नव्हता.
त्या दिवशी त्याच्या तोंडाकडं बघायचं
राहूनच गेलं होतं.

पावती फाडली नाही. खिशात आहे.
यंत्राला दूध कळतं, बाकी काही कळत नाही.
कळायचं कारणही नाही.

पिळून उरलेला चोथा शालन
चांगला शिजवून म्हशीच्या आंबोणात घालते.
दोन आठवड्यांनी आमचीच किटली माझ्यासमोर आली,
सहा पॉइंट सहाची सहा पॉइंट आठ झालेली.
वहीत लिहिताना हात थबकला.
पेल्यातलं माझं, चोथा तिचा,
आणि तिच्याकडून
पहाटेच्या टँकरमधून कुठल्या कुठल्या गावांना.

विठ्ठल किटली उचलत होता.
म्हटलं, थांब, चहा घेऊन जा.
त्यानं घोट घेतला, कप डोळ्यांजवळ धरला.
"वैनीनं काय घातलंय यात?"
"दाणे."
"हं," म्हणाला,
आणि कप खाली ठेवला नाही.