दोनच्या भावातला टँकर

सुमेध मोबाईल पुढं करतो.
मावशी, हा शेअर बघ, पीई फक्त सहा,
फुकटात मिळायलाय, घेऊन टाकू का?

मी डाळमिलच्या कट्ट्यांची बेरीज करत असते.
पेन कानावर ठेवते.
सहा म्हणजे काय रे?
तो पाठ केलेलं सांगतो:
शेअरची किंमत भागिले
एका शेअरमागची वर्षाची कमाई.

बरोबर आहे.
आमच्या लातुरात हा शब्द यायच्या आधीपासून
हे गणित चालत होतं.
गोलाईत एखादं दुकान विकायला निघालं
की चहाच्या गाड्यावर पहिला सवाल हाच:
किती वर्षांत फिटतंय?

आजची कमाई दरसाल अशीच येत राहिली, तर
दिलेला पैसा घरी यायला लागणारी वर्षं.
त्या ‘तर’वर बोट ठेव, म्हणते मी.
त्याचं बोट काचेवरून सरकत असतं.

त्या साली नळ महिन्यातून एकदा यायचा.
खय्यूमभाईंनी टँकर विकायला काढला,
सहा लाखांना.
वही दाखवली: डिझेल, ड्रायव्हर, टायर वजा जाता
वर्षाचे तीन लाख दहा हजार.
ह्यांनी दारातल्या निळ्या ड्रमवर खडूनं भागाकार केला.
दोन. दोनच्या आत.
मी नऊ वर्षं दुसऱ्यांचे हिशेब लिहिलेली,
रात्रभर ती वही तपासली,
एक आकडा चुकलेला नव्हता.

बोरमाळ बँकेत गेली.
मे महिनाभर रोज पाच खेपा,
पोरगं झोपेतसुद्धा हॉर्न वाजवायचं.

मग जूनमध्ये आभाळ भरून आलं.
गल्लीतल्या बाया बादल्या घेऊन पन्हाळीखाली,
हसत, एकमेकींना ढकलत.
भावाच्या रानात तूर पेरायची राहिलेली.
आणि मी, हे कुणाला सांगितलं नाही आजवर,
दाराची चौकट धरून मनात म्हणलं,
थोडं थांब.
दिवाळीनंतर ये.

तो थांबला नाही.
धरण भरलं तेव्हा मिलमध्ये पेढे वाटले.
मी माझा पदरात बांधून घरी नेला,
खाल्ला कुणी, आठवत नाही.

पुढल्या सालची कमाई अडतीस हजार.
टँकर तोच, दिलेले पैसे तेच,
आणि दोनचा आकडा झाला सोळा.
सोळा! गोलाईला मिळतात तेवढे रस्ते,
त्यातला एकही आमच्या पाण्याची वाट बघणारा नाही.

खय्यूमभाईंनी फसवलं नाही.
तीस वर्षं त्यांनी स्टिअरिंगवर काढलेली,
त्यांना एवढंच कळत होतं
की सगळ्यात चांगली वही
सगळ्यात वाईट उन्हाळ्यात लिहिली जाते.

आणि वच्छलाबाई गिरवलकरांनी
ट्यूशन एरियातली ती ओकीबोकी मेस
पंचवीसच्या भावात घेतली, तेव्हा आम्ही किती हसलो.
पंचवीस वर्षं भाकरी थापणार काय ही!
आता तिथं दोन पंगती उठतात,
नांदेडची, परभणीची, हिंगोलीची पोरं
ताट हातात घेऊन जिन्यात उभी.
तसा हसण्यासारखाच आकडा होता तो.
दर वेळी मेस भरतेच असंही नाही;
तिच्या शेजारची बंद पडली.

कंपनी करते काय रे तुझी?
त्याला बघावं लागतं.
स्टील. यंदा नफा तिप्पट झालाय, मावशी.
यंदा.
म्हणजे सध्या त्यांचा मे महिना चालूय.

मग घेऊ नको म्हणतीस?
तसं नाही म्हणलं मी.
मागच्या दहा सालांचे नफे काढ,
चांगले, वाईट, सगळे मांड,
मग भाग लाव.
स्टीलचा पाऊस कधी पडतो, मला काय ठाऊक.

तो खाली मान घालून शोधायला लागतो.
मी कानावरचं पेन काढते.
कट्टे किती झाले होते, विसरले.
बाहेर आमचा टँकर कुणाच्या तरी
लग्नाच्या मांडवाला निघालाय,
अर्धा भरलेला,
वळणावर आतलं पाणी
एका बाजूला जाऊन आपटतं, ऐकू येतं.