खाण तशी

ट्रिऑर्कीत, चॅपेलमागच्या गल्लीत,
यीवानची नळी मिनिटभरात भरते.
गोळ्यांमुळे लाळ गळते त्याची,
रात्री उशीवर टॉवेल घालून झोपतो.
"एवढी तरी कामाला आली," म्हणतो
आणि झाकण लावायला माझ्याकडे देतो.
त्याचे हात थरथरतात.

नेरिसच्या तोंडाला मात्र कोरड.
बहीण. निरोगी. तुलनेसाठी.
लिंबू आठवा, मी म्हणते.
ती डोळे मिटते. काही नाही.
मी आपली मनात चिंच आठवते, मीठ लावलेली,
तर माझ्याच तोंडाला पाणी.
त्याचा तिला काय उपयोग.

भिंतीवर आजोबा, टोपीला दिवा लावलेले.
"त्यांचंही डोकं फिरलेलं," नेरिस सांगते,
"पण तेव्हा म्हणायचे, खाणीतली हवा बाधली."
खिडकीतून तो ढिगारा दिसतो,
गवत उगवून टेकडी झालेला. मेंढ्या चरतायत.
खाण तशी माती, आमच्यात म्हणतात.
मी हे तिला सांगत नाही.

कार्डिफला आलेखावर लाखो ठिपके.
वर एक आडवी रेघ.
तिच्यावर डोकं काढतील तेच खरे धरायचे.
निघालेत तसे, शेकड्यांनी निघालेत,
पण एकेकाचा वाटा राईएवढा,
आणि राईच्या दाण्याने कुणी वेडं होत नाही.
नेरिसच्या मुठीतही तेच दाणे असतील,
दोन-चार कमी. किंवा तेवढेच.

"मग सापडलं का?"
यीवान दर वेळी विचारतो,
जशी त्याच्या घराची किल्ली माझ्याकडून हरवलीय.

माझीही नळी दिली होती मी, पहिल्याच आठवड्यात,
निरोगी गटात.
संगणकाने वंशाचा नकाशा काढला:
सगळे एका घोळक्यात,
मी लांब कोपऱ्यात,
भलत्याच लग्नात शिरलेल्या पाहुण्यासारखी.
वगळलं. कारण, पूर्वज वेगळे.
गणित बिघडतं नाहीतर. नियम बरोबर आहे,
प्रोग्रॅममधली ती ओळ मीच लिहिलेली.

शरयूआत्याला वगळलं तेव्हा
कुणी कारणही लिहून ठेवलं नाही.
'रत्नागिरीला गेलीय' म्हणायचे,
आणि येताना आंबे आणेल का
असं आम्ही मुलंसुद्धा विचारत नसू.
माझ्या पत्रिकेसोबत जो कागद गेला
त्यात बाबांना एक भाऊ.
बहीण नाही.
बाबांचं अक्षर फार सुरेख होतं.

नेरिसची नळी अपुरी भरली.
मंगळवारी पुन्हा जायचंय.
सिटी रोडवरच्या दुकानात चिंचेचा गोळा मिळतो,
तो नेणार आहे या वेळी.
नमुन्याआधी अर्धा तास काही खायचं नसतं,
तेव्हा नुसता वास.
हे काय, असं तिने विचारलं
तर कदाचित आत्यापासून सुरुवात करेन.