शिल्लक

महालेखाकार कचेरीत छत्तीस वर्षं
दुसऱ्यांच्या बेरजा तपासून झाल्यावर
आता रविवारी, दौलतगंजच्या वाचनालयात
मी नऊ पोरांना मराठी शिकवतो.
नऊ म्हणजे थंडीत पाच.

पोरं आईशी मराठी बोलतात, अर्धी.
भांडतात हिंदीत.
जुनी ओवी पुढ्यात ठेवली
की त्यांचे डोळे खिडकीतून
खाली गजकवाल्याकडे.

पोथीचं पहिलं पान नाही.
कर्त्याचं नाव वाळवीनं वाचलंय, आम्ही नाही.
म्हणून नातवानं फोनमध्ये घालून दिलेल्या
त्या यंत्राला म्हटलं,
बाबा रे, एवढं सोपं करून दे.

मी चष्मा पुसेपर्यंत
तेरा ओव्यांचा एक परिच्छेद.
स्वच्छ. कुठे खाडाखोड नाही.
पोरांनी वाचला. शेवटपर्यंत वाचला.
वहीत फक्त रणगाडे काढणारा ईशान गडकर
म्हणाला, मग पुढे काय झालं?
सहा वर्षांत या वर्गात
हा प्रश्न पहिल्यांदा आला.
मी यंत्राला मनातून नमस्कार केला.

पण सवय वाईट.
रात्री हीटर पायाशी घेऊन
लाल पेन्सिलीनं दोन्ही बाजू ताडून पाहिल्या.
जुळेना.
मुळात होतं:
    घांट दुरी वाजली
    तंव माय वोरसली
आणि सोप्यात:
वासराच्या घंटेचा आवाज ऐकून गाईला खूप आनंद झाला.

आनंद.
आनंद तर मला पेन्शन जमा झाल्यावरही होतो.

पुढच्या रविवारी फळ्यावर लिहिलं: वोरसली.
आणि खडू हातात तसाच राहिला.
खरं सांगायचं तर
इतकी वर्षं या शब्दापाशी
मीही नुसती मान डोलवून पुढे गेलोय.
म्हटलं, बघा, वासरू अजून दिसतही नाही,
लांबून घंटा तेवढी येतेय,
आणि गाईच्या आत...
हातानं काहीतरी दाखवत राहिलो.

कनक फाळके मुरारहून टेम्पोनं येते.
तिच्या गल्लीत यादवांच्या अकरा म्हशी.
शेवटच्या बाकावरून म्हणाली,
सर, मतलब पन्हा गई!
शांती चाची म्हणते ना,
रुको, अभी पन्हाई नहीं है.

पान्हा.
आमच्याच घरचा शब्द
तिच्या गल्लीत शेणात उभा होता,
बादली घेऊन.

यंत्राला कळवलं. ते लगेच म्हणालं,
आपलं बरोबर आहे, क्षमस्व.
आणि लिहिलं: गाईला पान्हा फुटला.
कचेरीत इतक्या पटकन चूक कबूल करणारा
मला कुणी भेटला नाही.
मी स्वतः धरून.

कनक मात्र अडून बसली.
फुटला नाही सर, फुटला तर सांडेल.
आत्ता फक्त भरून आलाय.

ते कसं लिहायचं
ते मला आलं नाही, यंत्रालाही नाही.
फळ्यावर जुनी ओळच ठेवली.

मग ईशान: पण वासरू आलं का?
पुढचं पान उलटलं तर
जाळी, नुसती जाळी.
यंत्र म्हणालं, हवं तर
पुढचा भाग मी लिहून देतो.

फोन पालथा ठेवला.
खाली गजकवाला तीळ कुटत होता
आणि थोडा वेळ आम्ही सहाही जण
कान देऊन बसलो.