हरताळ

पुरसो शेणैंनी पोथी राणीसाहेबांच्या हाती दिली
ती तीन रात्रींसाठी.
"वाचा. नक्कल मात्र नको."
आजाची पोथी साष्टीत जळाली, तेव्हापासून
त्यांच्या घरात अक्षरं उशाखाली झोपतात.
राणीसाहेबांनी तुळस उचलून हो म्हटलं,
आणि दिवेलागणीला मला बोलावणं आलं.

बांदिवड्यात माझ्याइतका भरभर बोरू कुणाचा चालत नसे.
तो हातात दिला होता पुरसो शेणैंनीच.
त्यांचा ल तेवढा मला कधी साधला नाही,
माझा डावीकडे कलतो.

"घाटावरचं राज्य गेलं," राणीसाहेब म्हणाल्या,
"एवढं तरी राहू दे माझ्याकडे."
बोलताना त्या तेलाच्या बुधलीकडे बघत होत्या.

कागद फिरंग्यांच्या जहाजावरचा. दिव्यासमोर धरला
की आत तीन चंद्रकोरी.
पहिल्या रात्री लाज वाटली.
दुसऱ्या रात्री फक्त मान दुखली.
तिसऱ्या रात्री, चौतिसाव्या पानावर,
एक ओवी लंगडताना दिसली:
जुवारी ओलांडणारी माणसं, अंधार, होडीत देव,
आणि एक शब्द कमी.
मी लिहिलं, भिजला देव.
ओवी चालू लागली.

शेवटी नक्कलकारांची नेहमीची ओळ:
जसे पाहिले तसे लिहिले, दोष माझा नाही.
शंभरदा लिहिली असेल.
त्या पहाटे पहिल्यांदा वाचली.

चैत्रात दरबार भरला. दरबार कसला,
अकरा माणसं आणि एक बहिरा चोपदार.
राणीसाहेबांनी कौतुकाने पाठ म्हणून दाखवलं,
थेट होडीपर्यंत, भिजल्या देवापर्यंत.
पुरसो शेणैंचा विडा तोंडाशी थांबला.
त्यांनी राणीसाहेबांकडे पाहिलं नाही.
माझ्या बोटांकडे पाहिलं.
"पाठांतर चोख आहे," म्हणाले.

त्यानंतर नऊ वर्षं
तळीवर समोरासमोर आलो तरी
ते पाण्याशीच बोलत.

यंदा आश्विनात त्यांचा मुलगा आला,
पोथी रुमालात बांधून, उजेडी.
"कसर लागलीय. बाबांनी सांगितलंय, नक्कल तुम्हीच करायची."

मी आधी चौतिसावं पान काढलं.
देवावर हरताळ फासलेला,
आणि त्या पिवळ्यावर, बारीक,
म्हाताऱ्या थरथरत्या हाताने: भिजला देव.
त्यातला ल
डावीकडे कललेला.

मुलगा विचारत होता, किती दिवस लागतील.