नखाचा रंग

म्झूझूच्या बाजारात ओटनिएलच्या टपरीवर
बॅटऱ्या टांगलेल्या असतात सुक्या माशांसारख्या,
शेपटीला धरून.
"ही घ्या सिस्टर. दोन किलोमीटर जाते."
दोन किलोमीटरवर मला काय बघायचंय?
माझं काम हातभर अंतरावर असतं,
आणि तेही बहुतेक पहाटे तीनला.

खोक्यावर आकडा: एक लाख लुमेन.
उचलली जीभ, लावली टाळ्याला.
आतल्या जाडजूड सेलवर आणखी एक: नऊ हजार नऊशे.
मी तो तळहातावर घेतला
आणि डोळे मिटले.
एकवीस वर्षं हेच करतेय.
काट्यावर ठेवायच्या आधीच हाताला कळतं,
दोन किलो आठशे की जेमतेम सतराशे.
हा सेल सतराशेवाला.
वरून गुबगुबीत, आत भुसा.
त्याच्या शेजारचा, कुठल्याशा मेलेल्या लॅपटॉपच्या पोटातून काढलेला,
खरचटलेला, आकडाही बावीसशेचाच,
पण हातात बसला तो असा
की पोटभर प्यालेलं पोर.
"हा खरा आहे," मी म्हटलं.
ओटनिएल दुसरीकडे बघायला लागला.

पण खरा असून मला काय उपयोग.
चिंथेचेला दुकानात मिठाच्या पुड्यांशेजारी
पेन्सिल सेल मिळतात, बस.
जे गावात मिळतं तेच जिच्या पोटात जाईल
अशी दाखव.

त्याने पाच-सहा काढल्या.
पहिली शेपटाकडून उघडली: आत रबराची रिंगच नाही,
म्हणजे एका पावसाची सोबत.
दुसरीचं बटण एकदा दाबलं की झगझगीत,
दोनदा दाबलं की लुकलुक, लुकलुक.
बाई कळा देतेय
आणि मी काय जहाज बुडतंय म्हणून खुणा करू?
तिसरी बरी होती.
त्याने उजेड भिंतीवर मारला, मग छपरावर, मग लांबच्या चर्चवर.
मी त्याचा हात धरून खाली आणला
माझ्या नखावर.
नख निळं.
"जीभ काढ बाहेर."
जीभ निळी.
"ओटनिएल, तू मेलायस."
तो हसला. बाजूचा टोमॅटोवाला हसला.

मी हसले नाही.
अशीच एक होती आमच्याकडे, कुणीतरी दान दिलेली,
तिच्या उजेडात सगळीच बाळं निळी दिसायची.
सवय झाली होती. निळं दिसलं की म्हणायचं, बॅटरी.
लुसुंगूचं तिसरं झालं तेव्हाही
मी म्हटलं, बॅटरी.
तोंडात धरलेली होती, दोन्ही हात गुंतलेले,
मनातल्या मनात शिव्या देत होते तिला.
किती वेळ? चार मिनिटं असतील.
ती चार मिनिटं त्याची होती.

हे मी ओटनिएलला सांगितलं नाही.
फक्त म्हटलं, अजून काढ.

तळाच्या खोक्यात, धूळ खात, एक निघाली.
बोटाएवढी, एका सेलची, कपाळाच्या पट्ट्यासकट.
"ही कुणी घेत नाही, सिस्टर. मंद आहे. पिवळट आहे."
लावली.
माझं नख
पिकल्या पेरूच्या गराचं झालं.
त्याची जीभ पुन्हा बाहेर काढायला लावली:
लाल, मध्ये पांढरा थर,
सकाळपासून पाणी प्यायला नव्हता बिचारा.
"जिवंत आहेस," मी म्हटलं, "पण पाणी पी."

भाव केला. करावाच लागतो.
चार सेलही घेतले,
एकाच घरचे, एकाच महिन्याचे.
नवा-जुना एकत्र घातला की जुना नव्याला पितो,
एकाच सेलची असली तरी
डब्यात गल्लत नको.

मिनिबस भरेपर्यंत बराच वेळ गेला.
खिडकीतून पाहिलं तर ओटनिएल
टांगलेल्या आरशासमोर उभा,
एकेक बॅटरी लावून
जीभ बाहेर काढून बघतोय.
सेल मी रुमालाच्या एका टोकाला बांधले,
बॅटरी दुसऱ्या,
आणि मधे गाठ मारली.
रात्रीपर्यंत त्यांची गाठ नको.