येते

हॅलिफॅक्सच्या चढावर शेजारीण, मॉरीन ओल्डरॉइड.
चुकून माझ्याकडे आलेलं तिचं पार्सल द्यायला गेले,
निघताना सवयीनं म्हणाले, येते हं.
इंग्रजीत.
‘जाते’ म्हणायला जीभ वळत नाही.

नंतर महिनाभर ती कुंपणापलीकडे घुम्म.
मी ठरवून टाकलं: ही माणसं अशीच, थंड.

काल कचऱ्याचे डबे ओढताना म्हणाली,
"त्या दिवशी दोनदा किटली तापवली मी.
आली नाहीस."

फुटपाथवर, वाऱ्यात, मी तिला जाणं-येणं समजावत राहिले.
तिनं ऐकून घेतलं. "मग आता? जातेस की येतेस?"

आत तिनं न विचारता तीन चमचे साखर घातली,
तुम्हा लोकांना लागते ना.
मला डायबेटिस आहे.
सांगेन, पुढच्या खेपेला.